आसेगावच्या विहिरीचं पाणी मी गढूळ केलं तेव्हा

दिनकरने माझ्याबरोबर पाण्यात उतरायला नकार दिला, त्याच संध्याकाळी मी रजेचा अर्ज लिहिला.

पन्नाशीच्या दशकाच्या अखेरची ही गोष्ट. पाठीवर हवेची टाकी बांधून, तोंडात नळी धरून बुडी मारायची विद्या तेव्हा मुंबईच्या गोदीत नुकती आली होती. तुम्ही आज जिला स्कुबा म्हणता, तीच. दिनकर आणि मी एकाच तुकडीत पास झालो, सर्टिफिकेट एकाच दिवशी मिळालं, जोडीही आमचीच लागली. तिसऱ्याच बुडीत मी तळाशी पाय झाडत असा काही गाळ उठवला की मागून येणाऱ्या दिनकरला स्वतःचा हात दिसेना. बुडालेल्या एका साखळदंडात त्याचा पट्टा अडकला. कसाबसा सुटून वर आला तेव्हा त्याचे ओठ निळे पडले होते. "तुझ्यामागे मी पुन्हा येणार नाही," एवढंच म्हणाला. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

'नुकतं सर्टिफिकेट मिळालंय, आता हात कसा बसवू?' असं विचारणारे बरेच जण या ग्रुपवर येतात, म्हणून लिहितोय. वय नव्वदीला टेकलंय, तपशील थोडे इकडेतिकडे होतील. लाज मात्र जशीच्या तशी आठवते.

गोदीत मंगरूळपीरकडचा एक हमाल होता. माझं रडगाणं ऐकून म्हणाला, "आमच्या तिकडं इस्माईलचाचा हाय, कलईवाला. भांडे चमकवते अन् विहिरीत पडलेले भांडे काढूनबी देते. पन पानी हालत नाई." समुद्र सोडून कोरड्या वऱ्हाडात बुडी शिकायला जायचं! मी हसलो. मग दिनकरचे ओठ आठवले आणि तिकीट काढलं.

मेलने पहाटे अकोल्याला उतरलो. तिथून वाशीमची मोटार पातूरचा घाट धापा टाकत चढायची आणि मेडशीला इंजिनात पाणी घालायला थांबायची. आज तुम्ही त्याच रस्त्याने एसटीने दीड-दोन तासांत जाल आणि दोन्ही बाजूंना सोयाबीन बघाल. तेव्हा वेचणी संपलेली कपाशी होती, मधूनमधून तूर. मेडशीचे आलूबोंडे गरम असतील तरच घ्या, गार झाले की घशाला बसतात. शेजारी बसलेल्या धोतरवाल्या काकांनी चौकशी केली.

"मंबईहून आले? इकडं कायले?"

"बुडी मारायला शिकायचंय."

"काहून? तिकडचा समिंदर आटला काय?"

अख्खी मोटार हसली. वाशीमपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसलो.

वाशीमहून दुसरी मोटार पकडून मंगरूळपीर. मुसाफिरखान्यात जागा मिळाली. चटई आणि माठातलं पाणी, बाकी सोय आपली आपण. चाचाचं दुकान म्हणजे कडुनिंबाखाली खणलेली भट्टी आणि एक भाता. साठीचा, काटकुळा माणूस. एका परातीवर कथील फिरवत होता. मी ओळख सांगितली आणि मूर्खासारखं सर्टिफिकेट पुढे केलं. त्याने काजळीने काळे झालेले हात लांब धरून ते नुसतं पाहिलं.

"हे पान्याले दाखवतं काय?"

"नाही, चाचा, पण मी शिकलोय. फक्त सराव..."

"उद्या आसेगावले जाऊन राह्यलो. गुंड पडला हाय बायायचा. चाल संग, पाह्य."

गुंड म्हणजे पाणी भरायची पितळी घागर. ती काढायला हाच माणूस का, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेही माझ्याच करणीने.

आसेगावची ती विहीर अख्ख्या वस्तीची पिण्याच्या पाण्याची. काठावर दहाबारा बाया रिकाम्या घागरी घेऊन थांबल्या होत्या. गुंड ज्यांचा, त्या अनसाबाई सगळ्यांत पुढे, कमरेवर हात. एरवीचं सोवळंओवळं गुंड बुडाला की कुणाला आठवत नाही, चाचाला सगळ्यांनी वाट दिली. तो पायजमा खोचत होता, तेवढ्यात मी म्हणालो, "चाचा, तुम्ही बसा. मी काढतो." त्याने मला वरून खाली पाहिलं आणि बाजूला सरला. का सरला, हे मी पुढे बरीच वर्षं त्याला विचारणार होतो. राहूनच गेलं.

मी सूर मारला, तळ गाठला, गुंड सापडला, तळावर पाय रोवून जोर लावला आणि वर आलो. एका दमात! गुंड डोक्यावर धरून मी टाळ्यांची वाट बघत होतो.

टाळ्या नाहीत. सगळ्या बाया पाण्याकडे बघत होत्या. विहीर चहासारखी झाली होती.

"काय केलं बे हे?" अनसाबाई कडाडल्या. "गुंड गेला असता तं दुसरा आनला असता. आता लेकरायले काय पाजू? हा गाळ?"

"बसेल हो गाळ..."

"परवा बसन! तवरोक तुह्या मायनं आनून द्यावं काय पानी?"

मुंबईत एका माणसाला त्रास झाला होता. इथे अख्ख्या वस्तीला. तोच पाय, तोच गाळ. मी विहिरीतून वर आलो, कुणाकडून तरी कावड मागून घेतली आणि नाल्यातल्या झऱ्यावर गेलो. तो दिवस आणि दुसरा दिवस, पाणी निवळेपर्यंत, मी वस्तीला पाणी भरलं. खांदे सोलपटले. चाचा अधूनमधून येऊन बघून जायचा. दुसऱ्या संध्याकाळी म्हणाला, "सकाळी ये. मोटेच्या विहिरीवर."

तिथून पुढचे दिवस तीच माझी शाळा. मंगरूळपीरबाहेर एका शेतात ती पडकी विहीर होती, पाणी दीड पुरुष खोल, अगदी नितळ. चाचाने ताजी कलई केलेली एक थाळी दोरीने अलगद तळाशी सोडली. शेजारी एक खडा. उन्हं डोक्यावर आली की थाळी खालून चांदीसारखी चमकायची. मी खाली जाऊन खडा आणायचा, चाचा काठावर बसून थाळीकडे बघणार. ती दिसत राहिली तर जमलं. दिसेनाशी झाली तर गाळ बसेपर्यंत दिवस संपला. म्हणजे दिवसाला एकच बुडी! गोदीत आम्ही सहासहा मारायचो आणि त्यालाच सराव म्हणायचो.

पहिल्या दिवशी थाळी गेली. दुसऱ्या दिवशी गेली. तिसऱ्या दिवशी मी पाय अजिबात टेकवले नाहीत, तरी गेली.

"पाय नाई लागला, चाचा! शपथ!"

"पाय नाई लागला, पन हालला. मासोळीवानी कायले फडफडतं? खडा पळून जाते काय?"

मी चिडून कपडे घातले. परत मुंबईला जावं, क्रेनवर नाहीतर गोदामात काम मागावं, असं वाटलं. पण दिनकरसमोर काय तोंड घेऊन जाणार? चौथ्या दिवशी सकाळी मी चाचाच्या आधी विहिरीवर हजर होतो.

त्या दिवशी तो स्वतः उतरला आणि मला काठावर बसवलं. डोकं खाली, पाय वर, दोरीला दोन बोटांनी धरून तो पाण्यात ओळंब्यासारखा सरळ खाली गेला. तळापासून वीतभर वर थांबला. नुसता थांबला. मग एक हात इतका सावकाश पुढे गेला की मलाच धाप लागली. खडा उचलला आणि पाय न हलवता दोरीवरून वर सरकत आला. खाली थाळी लखलखत होती.

एक सांगून ठेवतो. चाचा दम धरून बुडी मारायचा. टाकी लावणाऱ्यांनी दम कधीही धरायचा नाही, फुप्फुस फाटेल. तेवढं सोडून बाकी सगळं त्याचंच घ्या. पाय तळापासून वर, हात सावकाश, आणि खाली पोचल्यावर आधी थांबायचं, मग काम.

सहाव्या दिवशी थाळी अर्धी दिसत राहिली. आठव्या दिवशी वर आलो तर चाचा अजून खालीच बघत होता. मी मान वळवून खाली पाहिलं. थाळी चमकत होती. मला रडूच आलं, ओल्या तोंडामुळे कळलं नसावं.

निघायच्या आदल्या दिवशी आसेगावहून पुन्हा सांगावा आला. आता कुणाची तरी कळशी पडली होती. काठावर पोचल्यावर चाचा निवांत खाली बसला. "हा उतरन."

"हा? बिलकूल नाई!" अनसाबाई.

"मी जामीन हाय, बाई."

अनसाबाईंनी माझ्या खांद्यांकडे पाहिलं, तिथल्या खपल्या अजून गेल्या नव्हत्या. मग मागे वळून सगळ्यांना हाक दिली, "आंदी पानी भरून घ्या वं! घरातलं असन नसन ते भांडं भरा, मंग उतरू द्या याले." आणि खरोखर तासभर सगळ्या बाया पाणी भरत राहिल्या. मी धोतर नेसून उन्हात उभा. यापेक्षा कठीण परीक्षा मी नंतर दिली नाही.

उतरलो. थांबलो. कळशी कडेला धरून हळूच तिरकी केली, चिखलाने तिला सोडेपर्यंत वाट पाहिली, छातीत कळ येत होती तरी पाहिली. वर आलो तेव्हा अनसाबाईंनी दोर सोडून पाणी काढलं, ओंजळीत घेतलं, उजेडात धरलं आणि प्यायल्या.

"जाय आता मंबईले," म्हणाल्या. "पन जेवून जाय."

ज्वारीची भाकर, तुरीच्या दाण्यांची आमटी, ठेचा. चाचाने शिकवणीबद्दल काही घेतलं नाही.

मुंबईत दिनकरला गाठलं आणि पुन्हा एकदा बरोबर उतर म्हणालो. तो तयार होईना. चार दिवस मी मागे लागलो. पाचव्या दिवशी म्हणाला, "एकदाच. आणि तुझ्या कमरेची दोरी माझ्या हातात राहील." गोदीचा तळ विहिरीहून वाईट, बोट लावलं तरी ढग उठतो. मी पुढे, तो मागे. बुडालेल्या एका पडावाखाली जाऊन मी त्याला दोर बांधला आणि परत आलो. पूर्ण वेळ त्या चिखलापासून वीतभर वर.

वर आल्यावर दिनकरने तोंडातली नळी काढली.

"तू खाली होतास ना?" त्याने विचारलं. "मला पार त्या टोकापर्यंत दिसत होतं."

मग त्याने हातातली दोरी गुंडाळून होडीत टाकली आणि म्हणाला, "उद्या सातला ये." पुढची एकोणीस वर्षं आम्ही जोडीनेच उतरलो.