दादाचा पुढचा दात

माझा थोरला भाऊ बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. बँडमास्तर त्याला 'पहिली फुंकर' म्हणत, कारण बाकीचे त्याच्या मागून सूर लावत. एकदा तालमीच्या जिन्यावरून त्याचा पाय घसरला आणि वरचा पुढचा दात मुळासकट गेला. वाजवताना क्लॅरिनेट टेकतं ते नेमकं तिथेच. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हाडात स्क्रू बसवू, हाडानं तो धरला की वर दात.

तिथला फॉर्म मी भरला. 'चालू असलेली औषधे' यापुढे मी बिनदिक्कत 'व्हिटॅमिन' लिहिलं. अकरा वर्षं दादाला उदासीच्या गोळ्या चालू होत्या, पण आईनं त्या पहिल्याच दिवशी व्हिटॅमिनच्या बाटलीत ओतल्या होत्या. आमच्याकडे मधुमेह चारचौघांत मिरवतात, मनाचं दुखणं तेवढं झाकून ठेवतात. आई गेली, बाटली राहिली आणि आम्ही सगळे त्या गोळ्यांना व्हिटॅमिनच म्हणत राहिलो.

चौथ्या महिन्यात स्क्रू डुगडुगायला लागला. काढावा लागला. बाईंनी पुन्हा विचारलं तेव्हा मी मान खाली घालून खरं काय ते सांगितलं. त्या चिडल्या नाहीत, तेच जास्त लागलं.

"या गोळ्यांनी हाड भरायला कधी कधी वेळ लागतो," त्या म्हणाल्या. "नुसतं त्यामुळेच झालं असं नाही. पण माहीत असतं तर मी घाई केली नसती. आणि गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. आधी तुमच्या त्या डॉक्टरांशी बोला."

दादानं मान डोलावली. मी तेवढ्यावर निर्धास्त झाले.

दुसरा स्क्रू पक्का बसला. त्या आठ महिन्यांत दादा वाळला, बोलणं हो-नाहीवर आलं. मी आपली म्हणायचे, दातापायी कंटाळलाय. दात लागला त्या दिवशी मी हौसेनं क्लॅरिनेट पुसून त्याच्या हातात दिलं. त्यानं ते ओठांना लावलं, बोटं जागेवर ठेवली आणि तसंच खाली घेतलं.

"दुखतंय का?"

"नाही गं. दात झकास आहे."

"मग?"

"वाजवून काय करायचं, तेच कळत नाही."

"दादा, गोळ्या घेतोयस ना?"

"पहिला स्क्रू निघाला तेव्हापासून नाही," तो म्हणाला. "हाडानं धरायला हवं होतं ना."