आमची अराजकीय शिडी

मोठेबाबा विधानसभेची निवडणूक हरले, त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या ओसरीतली सतरंजी काही कोणी उचलली नाही. हरलेल्या माणसाच्या घरून लोक हळूच काढता पाय घेतात असं मी ऐकून होते. आमच्याकडे उलटंच. प्रचाराच्या महिनाभरात ज्यांना सकाळचे पोहे आणि दुपारचा चहा आमच्या घरी घ्यायची सवय लागली होती, ते सगळे कार्यकर्ते वेळेवर हजर. निकाल लागला म्हणून भूक लागायची थोडीच थांबते, बाप्पा! आई चुलीपुढून म्हणाली की हे लोक जिंकल्यावर गेले असते, आता काही जात नाहीत. आईला राजकारण कळत नाही असं मोठेबाबा नेहमी म्हणायचे.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. संत्र्याची बाग, कपाशी, शेतीचं सगळं बाबा पाहायचे, आणि गावाचं सगळं मोठेबाबा. कुठल्याही पक्षानं तिकीट दिलं नाही, म्हणून ते अपक्ष उभे राहिले होते. चिन्ह मिळालं शिडी. मग आमच्या बागेतली संत्री तोडायची शिडी जीपवर बांधून लोधीखेड्यापासून सौंसरपर्यंत फिरली. त्या साली बागेत तोडायला आलेली माणसं शिडी मागत राहिली आणि बाबा त्यांना सांगत राहिले की शिडी प्रचारात आहे. माणसं झाडावर चढून तोडत होती, फांद्या मोडत होत्या. थोरल्या भावापुढे बाबांच्या तोंडून शब्द निघत नसे.

आता माझं सांगते. आमचं गाव मोहगावच्या पलीकडे, आतल्या रस्त्याला. गावात शाळा आठवीपर्यंत. पोरं नववीला सायकलनं जायची आणि पोरी नववीला स्वयंपाकघरात जायच्या. मी आठवी पास होऊन वर्षभर घरी बसले होते. सौंसरला शाळा होती, मोहगावपर्यंत बस होती, पण मोहगाव ते आमचं गाव मधे नाला, शेतं आणि लोकांची तोंडं. बाबांनी एकच सांगून ठेवलं होतं: गावात बस आली तर जाशील. आणि येत्या जुलैपर्यंत नाही आली, तर दिवाळीनंतर पाहुणे बोलावू. पाहुणे म्हणजे मला पाहायला येणारे. तेव्हा माझी नववी, झालंच तर माझं पुढचं सगळं आयुष्य, एका बसवर टेकलेलं होतं.

प्रचारात ही गोष्ट मोठेबाबांच्या कामी आली. गावच्या सभेत त्यांनी मला स्टेजवर उभं केलं, डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं की या लेकीसाठी मी बस आणीन. टाळ्या अशा पडल्या की पुढच्या प्रत्येक गावात मला जीपमधून नेलं. लोधीखेड्याला तर मी त्या गावचीच लेक आहे असं सांगितलं गेलं. मी गप्प उभी राहिले. बस येत असेल तर मी कोणाचीही लेक व्हायला तयार होते.

तर हरल्यानंतर ओसरीत प्रश्न पडला की आता काय करायचं. घरी जायचं, हे कोणालाच सुचलं नाही. तेव्हा पांढुर्ण्याचे वकीलसाहेब पुढे सरसावले. प्रचाराचे सूत्रधार तेच होते, आणि हरण्याचं कारण आपण सोडून बाकी सगळे आहेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. ते म्हणाले, आपण समिती काढू. निवडणूक स्वार्थाची असते, समिती सेवेची. ना नफा, ना तोटा, ना पक्ष, ना मतं. एकच मागणी हाती धरायची, बाईलेकींसाठी बस, आणि तिचा पाठपुरावा करायचा. संस्था रीतसर नोंदवून घेऊ, आणि नियमावलीत पहिल्याच ओळीत लिहू की ही संस्था पूर्णपणे अराजकीय आहे. ‘अराजकीय’ हा शब्द त्यांनी असा उच्चारला की चहा घेऊन आलेली आई तिथंच थबकली. तिला वाटलं, कोणाला काही आजार झाला.

मला मात्र आनंदानं रडूच आलं. वाटलं, हरले ते बरंच झालं. आमदार झाले असते तर भोपाळला गेले असते आणि विसरले असते. आता त्यांना दुसरं काम काय? बसच!

समिती झाली म्हणजे काय झालं ते सांगते. उमेदवार होते ते संस्थापक अध्यक्ष झाले. मतदानकेंद्रावर बसणारे होते ते ग्रामप्रतिनिधी झाले. प्रचार कार्यालयाची पाटी उलटी करून मागच्या बाजूला समितीचं नाव रंगवलं. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर पांढुर्ण्याच्या छापखान्यात बसची मागणी छापून घेतली, त्यामुळे एका बाजूला ‘बस मिळालीच पाहिजे’ आणि उलटून पाहिलं तर ‘शिडीवर शिक्का मारा’. लोक विचारायचे, पुन्हा इलेक्शन लागलं का जी? कापडी फलकांचं काय करायचं ते मात्र कोणाला सुचेना. ते आईनं नेले. एका फलकातून तिनं माझ्यासाठी दप्तराची थैली शिवली. कापड असं बेतलं गेलं की थैलीवर नेमका ‘प्रचंड’ हा शब्द आला. मतं गेली, प्रचंड उरलं.

आणि शिडी? शिडी बागेत परत जाईल असं बाबांना वाटलं होतं. पण वकीलसाहेब म्हणाले, शिडी ही आता चळवळीची ओळख आहे. जिथं समितीची सभा तिथं शिडी. शिडीला नवा रंगही दिला. बाबांनी तो रंग पाहिला आणि बागेकडे निघून गेले.

मग सभा सुरू झाल्या. जीप तीच, भोंगा तोच, भोंग्यावर बोलणाराही तोच. त्या बिचाऱ्याला महिनाभराची सवय. मागणी वाचता वाचता शेवटी त्याच्या तोंडून निघूनच जायचं की प्रचंड मतांनी विजयी करा. मोठेबाबाही जीपमध्ये उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला हात जोडत जायचे. म्हशीलाही जोडायचे, कारण जीप चालू असताना कोण आहे ते नीट दिसत नाही. ज्या गावानं मतं दिली नव्हती, त्या गावात समिती जायची नाही. बस त्या गावावरूनच येणार होती, पण तत्त्व म्हणजे तत्त्व.

मी प्रत्येक सभेत वकीलसाहेबांनी लिहून दिलेलं भाषण म्हणायची. ‘मी एक अभागी ग्रामीण कन्या’ अशी सुरुवात होती. मला ते भयंकर लागायचं. मी अभागी नव्हते, मला फक्त नववीला जायचं होतं. पण पाठ केलं, म्हटलं, लोकांच्या डोळ्यांत पाणी आणलं. होळी गेली, आंबे आले. जून जवळ आला तशी माझी झोप उडाली. एके दिवशी न राहवून मी मोठेबाबांना विचारलं,

“मोठेबाबा, बस मागायले कोणी गेलं का?”

ओसरीतले सगळे माझ्याकडे असे पाहू लागले की जणू मी कोणाच्या मयतीचं विचारलं. बसचं कार्यालय सौंसरच्या स्टँडवर होतं. समितीची माणसं तिथल्या टपरीवर रोज चहा पिऊन राहिली होती. पण आत कोणी गेलं नव्हतं. वकीलसाहेबांनी मला समजावलं की मागणं हा शेवटचा टप्पा, आधी जनजागृती. लोक झोपले आहेत. आमच्या गावचे लोक पहाटेच उठतात, पण तो विषय वेगळा. मला इतका संताप आला की मी आत जाऊन भाकरीचं पीठ उगाच दोनदा मळलं. आई म्हणाली, त्यांची बस तर चालू आहे, ते कशाला मागतील?

मग त्यांनी रास्ता रोको जाहीर केला. सोमवारी, शाळा उघडायच्या दिवशीच, आमच्याच गावच्या वेशीवर. मी म्हटलं, ज्या रस्त्यावर बस येत नाही, तिथं अडवायचं काय? बैलगाड्या? वकीलसाहेब म्हणाले, प्रतीकात्मक. नागपूरहून वर्तमानपत्राचा माणूस येणार होता, त्याच्यासाठी संत्र्याच्या झाडाखाली खुर्ची ठेवायचं ठरलं.

आणि रविवारी संध्याकाळी मोहगावहून एक जण निरोप घेऊन आला. उद्यापासून बस सुरू. नऊ वाजता गावात येणार, वळून सौंसरला जाणार.

झालं असं होतं की समितीचा गाजावाजा शेवटी निवडून आलेल्या साहेबांच्या कानावर गेला, आणि त्यांनी सरळ फोन करून बस लावून टाकली. म्हणजे चळवळ यशस्वी झाली होती. पण आमच्या ओसरीतली तोंडं पाहिली असती तुम्ही! निकालाच्या दिवशी इतकी पडली नव्हती. पहिल्यांदा हरले तेव्हा निदान समिती काढता आली होती. मी मागच्या दारी जाऊन उड्या मारून आले. परत आले तर ठराव झालेला. आंदोलनाची सूचना तहसिलीत दिलेली आहे, ती मागे घेता येत नाही. शिवाय ही बस तात्पुरती आहे, आपली मागणी कायमची आहे. आणि ज्यांनी आपल्याला हरवलं त्यांच्या हातची बस स्वीकारायची म्हणजे पराभव स्वीकारायचा. हे शेवटचं मोठेबाबा बोलले, आणि खरं तेवढंच होतं.

मी बाबांकडे पाहिलं. बाबा जमिनीकडे पाहत होते.

सोमवारी सकाळी वेशीवर सतरंजी अंथरली. रस्त्यावर शिडी आडवी टाकली. पहिल्या रांगेत मोठेबाबांच्या शेजारी मला बसवलं आणि गळ्यात झेंडूची माळ घातली, कारण अभागी ग्रामीण कन्या दिसली पाहिजे. वर्तमानपत्राचा माणूस आलाच नाही, खुर्ची रिकामी. आई बायकांमध्ये मागे उभी होती आणि तिच्या हातात माझी थैली होती.

नऊच्या सुमारास धूळ दिसली. बस आली! एवढ्या महिन्यांत अडवण्यासारखं पहिल्यांदाच काही तरी समोर आलेलं पाहून कार्यकर्त्यांना असा जोर चढला की विचारू नका. बसच्या अगदी तोंडापुढे मुठी वळून ते ओरडू लागले, बस पाहिजे, बस पाहिजे. ड्रायव्हर छिंदवाड्याकडचा, हिंदी बोलणारा. त्यानं इंजिन बंद केलं, खाली वाकून शिडी पाहिली, माणसं पाहिली, आणि म्हणाला,

“अरे भैया, आ तो गई बस.”

वकीलसाहेब त्याला तात्पुरतं आणि कायमचं यातला फरक समजावू लागले. कंडक्टर घड्याळ पाहून राहिला होता. त्यानं सांगितलं की गाडी नाही वळली तर इथूनच उलटी नेतो, आणि वर कळवतो की गावाला बस नको आहे. मग पुन्हा कोणी लावत नाही.

मोठेबाबांनी ते ऐकलं होतं, पण ते समोर पाहत राहिले. मी उठले. माळ काढून सतरंजीवर ठेवली. आईजवळ गेले, तिनं थैली दिली. शिडीच्या पायऱ्यांमध्ये पाय टाकत मी पलीकडे गेले आणि बसमध्ये चढले. आत सगळ्या जागा रिकाम्या होत्या, पण मी बसले नाही. दारात उभी राहिले. आमच्या घरात मोठेबाबांना आजवर कोणी काही सांगितलं नव्हतं.

“मोठेबाबा, बाजूले व्हा. माही शाळा साडेदहाची आहे.”

घोषणा थांबल्या. मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मला चाललं असतं. राग नव्हता. ते उठले, धोतर झटकलं, आणि वाकून शिडीचं एक टोक स्वतः धरलं. कार्यकर्ते एकमेकांकडे पाहत राहिले. दुसरं टोक कोणी धरेना. तेव्हा गर्दीतून बाबा आले. दोघा भावांनी शिडी उचलली, लहानपणी बागेत उचलत असतील तशी, आणि रस्त्याच्या कडेला नेली. बस गावात शिरली, मारुतीपुढे वळली आणि परत निघाली. वेशीवर मोठेबाबा अजून तिथंच उभे होते. बस जवळ येताच सवयीनं त्यांचे हात जोडले गेले. मी आतून हात जोडले. बसमध्ये दुसरं कोणी नव्हतंच.

समिती नंतर वकीलसाहेबांनी पांढुर्ण्याला नेली. ते स्वतः अध्यक्ष झाले, दुसरी मागणी हाती घेतली, आणि ऐकलं की तिथंही पोहे चांगले असायचे. शिडी बागेत गेली. आमची ओसरी रिकामी झाली आणि मोठेबाबा तिथं एकटे बसू लागले. माझ्याशी काही दिवस बोलले नाहीत.

मग पावसाळ्यात एके सकाळी मला उशीर झाला. वेणी होईना, थैली सापडेना, आणि वेशीवरून हॉर्न ऐकू आला. मी चिखलातून धावत सुटले. गेली म्हणूनच समजले होते. वेशीवर पोचले तर बस उभी, ड्रायव्हर वैतागून हॉर्नवर हॉर्न वाजवून राहिलेला, आणि बसच्या पुढे, भर रस्त्यात, डोक्यावर छत्री धरून मोठेबाबा उभे. ना घोषणा, ना सतरंजी. ते ड्रायव्हरला एवढंच सांगत होते,

“थांब. पोरगी येऊन राहिली.”