पुढची सीट

त्या दिवशी सकाळपासून मी एका इंग्रजी शब्दाशी भांडत होते. ओव्हरसेट. एका जुन्या प्रवासवर्णनाचा अनुवाद चालला होता आणि त्यातली बग्गी 'ओव्हरसेट' झाली होती. कोश म्हणे, गाडी उलटणं, होडी पालथी होणं, ठरलेला बेत कोलमडणं, माणूस सैरभैर होणं, सगळ्याला हा एकच शब्द चालतो. छापखान्यात जागेपेक्षा जास्त जुळवलेल्या मजकुरालाही तेच म्हणतात. मला रागच आला. आमच्याकडे वाटी उपडी होते, टेंपो पलटी मारतो, मन थाऱ्यावर राहत नाही. साहेबाने एका शब्दात सगळं उरकलं!

तेवढ्यात कशेळ्याच्या एका दुकानदाराचा फोन आला. "वैनी, घाबरू नका. जीप पलटी झाली. पुढच्या शिटवर गुरुजी व्हते ना, डोक्याला लागलंय. कर्जतला आणतायत."

माझे यजमान तिकडच्या शाळेत शिकवतात. शेअर जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा गुरुजींची. दुसरं कुणी बसलं तर ड्रायव्हर उठवतो. मी त्यांना चिडवायचे, "निघाले राजेसाहेब सिंहासनावर." त्यामुळे पुढे खरंच कोण होतं, हे विचारायचं कुणाला सुचलंच नाही. मलाही नाही. दहा मिनिटांत आणखी दोघांनी तीच बातमी दिली आणि यांचा फोन लागेना.

दवाखान्यात मला बसवेना. फाटकापर्यंत जायचे, परत यायचे. शिपायाला चार वेळा विचारलं. पाचव्यांदा मी दिसताच तो आत निघून गेला. देवाला काय काय कबूल केलं, ते आता सांगायचीही लाज वाटते.

शेवटी एक टेंपो आला. मागून हे उतरले, स्वतःच्या पायांनी, हातात बांगड्यांचं गाठोडं. मी सगळ्यांदेखत ओरडले, "बरं झालं बाई, तुम्ही नव्हता!"

मग आत पाहिलं. कशेळ्याच्या बाजारात बांगड्या भरणारी चाची आडवी झोपवलेली होती. डोक्याला यांचा रुमाल, रक्ताने भिजलेला.

"गुडघे दुखतायत म्हणाली, म्हणून मीच तिला पुढे बसवलं," हे पुन्हा पुन्हा सांगत होते.

मी चाचीचा हात धरला. दर श्रावणात तिने माझा हात धरलेला, मी तिचा पहिल्यांदाच. माझं ओरडणं तिने ऐकलं होतं, ते तिच्या नजरेतच दिसलं.

"वैनी," ती म्हणाली, "माझ्या घरी कुनी फोन केलाय का गं?"

कुणीच केला नव्हता.