भडगावच्या पडद्यावरची तिसरी गाडी

जळगावला गाडी थांबली तेव्हा सकाळचे नऊच वाजले होते, तरी फलाटाचा दगड चपलेतून पोळत होता. एप्रिलात हौसेने खानदेशात जाणाऱ्याला पुण्यात वेड्यात काढतात, आणि माझ्या बाबतीत त्यांचं काही चुकत नव्हतं. मला सिनेमाचं वेड आहे. लोक चित्रपट बघून घरी जातात. मी त्यातली नदी कुठली, घाट कुठला, याचा माग काढत हिंडतो. यंदाची रजा खर्ची पडली ती एका जुन्या संतपटातल्या मिनिटभराच्या दृश्यापायी. नदीचं कोरडं पात्र आणि त्यातून ओळीने जाणाऱ्या बैलगाड्या. ते पात्र भडगावजवळच्या गिरणेचं, एवढं मला एका म्हाताऱ्या कॅमेरामनने सांगितलं होतं.

भडगावला जायचं तर पाचोऱ्याला उतरायचं असतं. ते वाटेतच मागे पडलं होतं, पण जळगावातली थिएटरं बघायची हौस आडवी आली. ती बघून झाली आणि पस्तावलो. पत्र्याचं छप्पर, खाली भट्टी. तीन तासांत माझा शर्ट दोनदा भिजून दोनदा वाळला. दुसऱ्या दिवशी मुकाट्याने पाचोऱ्याला मागे आलो आणि मोटारीत बसलो. शेजारच्या शेतकऱ्याच्या मांडीवर बिबड्यांची (ज्वारीच्या वाळवलेल्या पापडांची) टोपली होती. धक्क्याधक्क्याला त्या मोडत होत्या आणि तो मोडलेल्या मला खायला देत होता.

गिरणेला पाणी नव्हतं. वाळूत खड्डे खणून बायका वाटीवाटीने घागरी भरत होत्या. काठाकाठाने चालत, चित्रपटातली बाभळीची रांग डोळ्यांपुढे आणत, मी उतारावरची ती नेमकी जागा शोधून काढली आणि एकटाच हसलो. घागर भरणारी एक बाई म्हणाली, "सिनेमानी जागा दखाले उनात का? तो सिनेमा बाजारना दिन जिनमा दखाडतस." (सिनेमाची जागा बघायला आलात का? तो सिनेमा बाजाराच्या दिवशी जिनात दाखवतात.)

जिन म्हणजे सरकी काढायचा कारखाना. उन्हाळ्यात कापूस संपला की त्याचं गोदाम रिकामं पडतं. धोंडूआबा नावाचे एक गृहस्थ तिथे आपलं सिनेमाचं यंत्र मांडतात, दारांना गोणपाटं लावून अंधार करतात आणि बाजार उठला की दुपारी खेळ लावतात. या संतपटाची एक जुनी प्रत आबांनी विकतच घेतली होती. गावाची नदी त्यात आहे म्हणून दर उन्हाळ्यात ती चालते.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. मी गोणपाटावर बसलो. वरच्या तुळयांना कापसाचे पुंजके लटकत होते. खेळ सुरू झाला, नदी आली, गाड्या आल्या. तिसऱ्या गाडीवरच्या फेटेवाल्याने क्षणभर मान वळवून आमच्याकडे पाहिलं, आणि अंधारातून पाच-पंचवीस माणसं एकदम ओरडली, "आबा, परत!"

यंत्र थांबलं. आबांनी फीत मागे गुंडाळली, पुन्हा ओवली. चांगली पाच मिनिटं गेली. पुण्यात एवढ्यात खुर्च्या मोडल्या असत्या. इथे कोणी हूं की चूं केलं नाही. पुन्हा गाड्या गेल्या, पुन्हा त्याने मान वळवली. बायकांच्या बाजूला एक म्हातारी गुडघ्यांवर उभी राहून बघत होती.

"त्या जनाक्का," शेजारचा माणूस कुजबुजला. "तिना आंडोर (मुलगा) शे तो, सुकदेव. शूटिंग झाली त्याच साल पटकीमा गया." एवढं बोलून तो खाली बघू लागला. ते मला त्या वेळी दुःखाचं वाटलं.

खेळ सुटल्यावर मी यंत्रापाशी गेलो. दर आठवड्याला दोनदा ओवून ओवून तेवढ्याच जागी फितीची भोकं फाटत होती. आबा फाटका भाग कापत, उरलेली टोकं चिकटवत. दृश्य वर्षागणिक आखूड होत होतं. मी म्हणालो, "आबा, यातलं एक चित्र मला द्या. मोठा फोटो करून अक्कांना देतो. मग फीत संपली तरी हरकत नाही."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "नको भाऊ. फोटो नको. हालस तेच बरं शे." (हलतं आहे तेच बरं.)

फोटोने आयुष्य कमी होतं म्हणणारी माणसं मी पाहिली होती. त्यांच्यातच मी आबांना जमा केलं. ते चहा सांगायला बाहेर गेले तेव्हा यंत्राखाली पडलेल्या कातरणांतून तिसऱ्या गाडीचे दोन तुकडे उचलून मी पाकिटात घातले.

संध्याकाळी जनाक्कांनीच मला जेवायला बोलावलं. मुलाचा सिनेमा बघायला माणूस पुण्याहून आला, याचं त्यांना फार अप्रूप. कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी आणि ठेचा. ठेच्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा त्या हसल्या. मग म्हणाल्या, "घरमा फोटो नही. आते त्यानं तोंड ध्यानमा ऱ्हात नही, भाऊ. पडदावर दखस तवय याद येस." (आता त्याचं तोंड आठवत नाही. पडद्यावर बघते तेव्हा आठवतं.) मी पाकीट चाचपलं. मला कधी एकदा धुळ्याला पोचतो असं झालं.

पारोळ्यावरून धुळ्याला गेलो. वाटेत ट्रकांनी उडवलेली धूळ दातांत करकरत होती. गावातल्या एका फोटोग्राफरला तुकडे दिले. त्याने चार दिवस घेतले, पण काम नामी केलं. डोळे, मिशा, भुवईवरचा जुना व्रणसुद्धा स्पष्ट. मी लाकडी चौकट करवून घेतली आणि पुढच्या बाजाराच्या सकाळी भडगावला परत आलो. आयुष्यात एक तरी चांगलं काम आपल्या हातून होतंय, असं वाटेत सारखं वाटत होतं.

जनाक्का ज्वारी निवडत बसल्या होत्या. त्यांनी हात पदराला पुसून फोटो घेतला, लांब धरला, जवळ आणला. उठून दारातल्या उजेडात गेल्या.

"हाऊ ते (हा तर) मिरचीवाला शे," त्या म्हणाल्या. "पल्याडना गावना. दर बाजारले येस."

मी म्हणालो, "अक्का, नीट बघा." त्यांनी पुन्हा पाहिलं. मग चौकट माझ्या हातात दिली, आत जाऊन तांब्या आणला आणि म्हणाल्या, "पानी प्या भाऊ." मी तांब्या उंबऱ्यावर ठेवला आणि चौकट घेऊन निघालो.

जिनात आबांना फोटो दाखवला. रागावतील असं वाटलं होतं. ते नुसते खाली बसले. "सुकदेवनी गाडी शूटिंगना दुसरा दिन व्हती," ते म्हणाले. "ते काम सिनेमामा उनंच (आलंच) नही. पहिला साल अक्का पडदा दखीसन रडनी, मना (माझा) सुकदेव म्हने. कोन तोंड उघाडी? बठ्ठा (सगळ्या) गावले ठाऊक शे. त्या मिरचीवालालेबी ठाऊक शे. अक्का बाजारमा दिसनी का तो फेटा तोंडवर ओढी लेस."

"मला का नाही सांगितलं?"

"सांगं ना. नको म्हनं." (सांगितलं ना. नको म्हटलं.)

मी न जाणंच बरं होतं, पण दुपारच्या खेळाला गेलो. जनाक्काही आल्या, नेहमीच्या जागी बसल्या. गाड्या आल्या. तिसऱ्या गाडीवरच्या माणसाने मान वळवली. या खेपेला कोणी ओरडलं नाही. बातमी बाजारभर झाली होती. पण आबांच्या हाताला सवय. यंत्र थांबलं. जनाक्का उभ्या राहिल्या.

"ऱ्हाऊ द्या आबा," त्या म्हणाल्या. "पुढे जाऊ द्या."

चित्रपट पुढे सुरू झाला. मी उठून बाहेर आलो आणि पाचोऱ्याची मोटार धरली.

पुण्यात मित्रांनी विचारलं, "जागा सापडली का?" सापडली, म्हणालो. उतार तोच आहे, बाभळी तशाच आहेत, आणि सिनेमावेड्या माणसाने एकदा जाऊन बघावं असं ते पात्र आहे. पण मला पुन्हा तिकडे जायचं धाडस नाही. एका अख्ख्या गावाने इतकी वर्षं मिळून एका बाईला तिचा मुलगा दाखवला होता. आठवड्याभरात मी तो नाहीसा केला.