कानस आणि हिऱ्याचं टोक

वाळूजच्या एका छोट्या कारखान्यात पोलादी पिना भट्टीत घालून कडक करायचे. तिथं तपासणीच्या कामाला लागून मला दोनच महिने झाले होते. पडेगावहून स्कूटीवर जायचे आणि कडकपणा मोजायच्या यंत्रापुढं बसले की भान हरपायचं. पिन ठेवायची, हँडल ओढायचं, हिऱ्याचं बारीक टोक पोलादात रुतायचं. जितकं कमी रुतेल तितका आकडा मोठा. आमच्या पिनांना साठच्या आसपास हवा होता.

त्या सकाळी आकडे सुरेख येत होते. साठ, एकोणसाठ, साठ. मी सहीसाठी पेन उघडलं, तेवढ्यात भट्टीवरचे मामा आले. उभा जन्म लोखंडाला पाणी पाजण्यात गेलेला माणूस. त्यांनी एक पिन उचलून खिशातली कानस तिच्यावरून फिरवली.

"मॅडम, सही करू नका. कानस धरतीय."

"मामा, यंत्र साठ दाखवतंय."

"दाखवू द्या की. तुम्ही हातानं बघा."

आधीच्या लॉटमधल्या पिनेवरून कानस काचेवरून सरकावी तशी सुळकन गेली. नव्या पिनेवर मात्र किरकिरली आणि बोटाला बारीक भुकटी लागली. म्हणजे पिन मऊ होती. यंत्र खोटं बोलत नव्हतं, हेही मला माहीत होतं.

हे ऐकून मालक म्हणाले, "माल न्यायची गाडी दुपारपर्यंत थांबवतो. काय ते नक्की सांगा."

दोन पिना रुमालात गुंडाळून मी माझ्या जुन्या कॉलेजची प्रयोगशाळा गाठली. तिथल्या माझ्या बाईंनी एकही प्रश्न न विचारता पिन कापून दिली. मी ती आरशासारखी घासली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. इथल्या यंत्राचं हिऱ्याचं टोक इतकं इवलं, की कडेपासून आतपर्यंत ओळीनं ठसे उमटवता येतात.

कडेचा पहिला ठसा चांगलाच मोठा दिसला. दुसरा लहान, तिसरा त्याहून लहान. पुढचे सगळे सारखे. पिनेची नुसती कातडी मऊ होती, केसाहूनही पातळ. कारखान्यातल्या यंत्राचं टोक तिला भोसकून आतलं कडक पोलाद मोजत होतं. कानस कातडीलाच भिडत होती.

मी तिथूनच फोन लावला. "मामा, तुमची कानस खरी. यंत्रपण खरं. पिनेची नुसती कातडी मऊ आहे."

ते म्हणाले, "मग भट्टीत हवा शिरतीय. कातडीतला कार्बन जळाला आसंल. दार बघतो."

मी पोचेपर्यंत दाराच्या फटीतून हवा शिरू नये म्हणून बसवलेली, आता जळकी झालेली दोरी त्यांनी उपसून काढली होती. नवी दोरी बसवून, कातडीत कार्बन परत मुरावा म्हणून कार्बनच्या धुरात पिना पुन्हा तापवून विझवल्या. या खेपेला कानस घसरली आणि यंत्रानंही साठ दाखवलं. गाडी एक दिवस उशिरा गेली. मालक रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तक्त्यात कानशीचाही रकाना घाला."

दुसऱ्या दिवशी मामा घरून अडकित्ता घेऊन आले. त्यांच्या वडिलांनी स्वतः घडवलेला. "याचा आकडा काढा बरं."

पात्याची जाड बाजू टोकाखाली धरून मी हँडल त्यांच्याच हातात दिलं. काटा हलला, थांबला. चोपन्न.

"चांगला हाय का?"

"लई चांगला, मामा. याहून कडक असता तर पातं तुटलं असतं."

त्यांनी अडकित्ता पुसला आणि हसत विचारलं, "आता यंत्र वाचायला शिकवता का मला?"

"शिकवते," मी म्हटलं, "पण आधी तुम्ही मला कानस धरायला शिकवा."