अंगावरून जातंय

लोकांच्या चुका काढायची मला पहिल्यापासून हौस. रक्त-लघवी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत उभा जन्म गेला, तिथं ती हौस पगारी होती. निवृत्तीनंतर फुकटात चालू राहिली. नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणी ‘कारल्याच्या रसाने मधुमेह कायमचा पळाला’ असं टाकलं, की मी लगेच विचारायची, ‘कोण म्हणतंय? कधी म्हणालंय? आणि विकतंय काय?’ लोक वैतागायचे आणि मला बरं वाटायचं.

एका संस्थेनं विचारलं, हेच तीन प्रश्न आदिवासी वाडीवरच्या बायकांना शिकवाल का? फोनवरची आरोग्याची माहिती खरी कुठली, खोटी कुठली, एवढंच समजावून सांगायचं. मी हरभऱ्याच्या झाडावर चढायला तयारच होते.

वाडी डोंगराच्या पायथ्याशी. थंडीचे दिवस, त्यामुळे बरेचसे पुरुष वीटभट्टीवर गेलेले. दुपारी समाजमंदिरात दहा-पंधरा बायका जमायच्या आणि त्यांच्यात मिळून पाच फोन. लिहायचा त्यांना कंटाळा, म्हणून फोनला बोलूनच विचारायच्या. मक्याचं कणीस धरावं तसा फोन तोंडाशी धरायच्या आणि मोठ्यानं ओरडायच्या. त्यातली एक आठवी शिकलेली, दोन मुलांची आई, फार हुशार. मुतखड्यावरचं एक पान दोन मिनिटं वाचून ती म्हणाली होती, “ताई, ह्यो खाली बाटली इकतोय.” घरी येऊन मी नवऱ्याला दोनदा सांगितलं, बघ, मी शिकवलं की कसं डोक्यात शिरतं.

चौथ्या वर्गाला मी गृहपाठ दिला होता. आपल्या घरातल्या खऱ्या दुखण्याबद्दल फोनला विचारून यायचं. आठवीवाली पहिली उभी राहिली.

“माज्या जावंचं इचारलं. ती पोटुशी हाय. तिच्या अंगावरून जातंय.”

बायकांनी माना खाली घातल्या. एकीनं पदर तोंडाला लावला. अशा विषयावर वर्गात बोलणं होतंय याचा मलाच अभिमान वाटला. तिनं पान उघडून दाखवलं. वर डॉक्टरचं नाव, तारीख यंदाची, बाटली-बिटली काही नाही. गरोदरपणात पांढरं जाणं सहसा नेहमीचंच असतं, स्वच्छता ठेवा, घाबरू नका. तिन्ही प्रश्नांची उत्तरं तिनं बोटं मोडत सांगितली. मी टाळ्या वाजवल्या आणि सगळ्यांना वाजवायला लावल्या.

“मंग दवाखान्यात न्याला नको ना, ताई?”

“नको,” मी म्हणाले. टाळ्यांच्याच तोऱ्यात म्हणाले.

वर्ग सुटला. मला आणणारी सहा आसनी रिक्षा खाली रस्त्यावर हॉर्न मारत होती. मी पिशवी भरत होते आणि आठवीवाली बाजूला उभी राहून, मोकळ्या मनानं सांगत होती, “बरं झालं इचारलं. दोन दिस झाले, गोधड्या वाळत घालून घालून आमी दमलो.”

“गोधड्या?”

“भिजतात ना.”

पांढरं जाण्यानं गोधडी भिजत नाही. माझे हात पिशवीतच थांबले. “अगं, रंग कसा आहे?”

“रंग कसला, ताई? पानीच.”

आमच्याकडे ‘अंगावरून जातं’ म्हटलं की पांढरंच समजतात. लाल असेल तर तसं वेगळं सांगतात. त्यांच्या वाडीत पांढरं, लाल, पाणी, जे काही जाईल त्याला हे दोनच शब्द, कारण पुढचं बोलायची बायकांना लाज. फोनला माझंच मराठी येतं, त्यानं माझ्यासारखाच अर्थ लावला. पान खरं होतं, डॉक्टर खरा होता. फक्त ते उत्तर दुसऱ्याच कुठल्यातरी बाईचं होतं. काय जातंय, एवढं विचारायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

आम्ही दोघी धावतच तिच्या घरी गेलो. जाऊ कुशीवर पडली होती, आठवा महिना लागलेला. अंग हाताला गरम लागलं. पोटात हलतंय का, म्हणून विचारलं तर म्हणाली, “काल हालत व्हतं. आज ध्यान नाय.” रुग्णवाहिकेला फोन लावला. गाडी तळोज्याच्या बाजूला गेलीय, वेळ लागेल, असं उत्तर आलं. मी म्हणाले, रिक्षा खाली उभी आहे, चल.

ती उठेना. मागच्या बाळंतपणात दवाखान्यात तिला सगळ्यांदेखत टाकून बोलले होते, ते तिच्या मनातून गेलं नव्हतं. “फोनमदी लिवलंय ना, काय नाय व्हत?”

सासू दारात आडवी उभी. “आताच टाळ्या वाजवल्या तुमी. मंग मोबाइल खोटा का?”

दारात तोवर वर्गातल्या सगळ्या बायका जमल्या होत्या. “मोबाइल खरा आहे,” मी म्हणाले, “मी खोटी. मी नीट विचारलं नाही. हे पांढरं नाही, बाळाच्या भोवतीचं पाणी आहे. माझं चुकलं. पण आता एक मिनिटसुद्धा घालवू नका.”

सासू आत गेली, कोरडं लुगडं आणलं आणि सुनेच्या काखेत हात घातला.

रस्त्याला खड्डे होते आणि पुढे विमानतळाकडे मातीचे डंपर रांगेनं चाललेले. जाऊ मागच्या बाकावर, डोकं आठवीवालीच्या मांडीवर. मी दर दोन मिनिटांनी विचारत होते, “हललं का गं?” दर वेळी ती नुसती मान हलवून नाही म्हणायची. शेवटी आठवीवालीच म्हणाली, “ताई, नका इचारू सारखं. ती घाबरते.” पनवेलच्या पुलाखाली सिग्नल लागला तेव्हा मी रिक्षावाल्याला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. मला भीती वाटत होती. त्या बाळासाठी वाटत होती आणि, खरं सांगते, माझ्यासाठीही. ‘नको’ हा शब्द मी उच्चारला होता आणि तो बायकांनी ऐकला होता.

सरकारी दवाखान्यात नर्सनं पोटावर ठोके ऐकायचं यंत्र लावलं. नुसती खरखर. तिनं जागा बदलली, पुन्हा खरखर. आठवीवालीनं माझं मनगट धरलं होतं, तिची नखं रुतत होती. मग एका बाजूला, खूप खाली, शिलाई मशीन भरभर चालावं तसा आवाज लागला. जाऊ रडायला लागली. मीही रडले.

बाळ वाचलं. चार दिवसांनी मुलगी झाली, मूठभर, बरेच दिवस काचेच्या पेटीत राहिली, आणि आता वाडीत रांगते. हे आधीच सांगून टाकलं, कारण मला जे सांगायचंय ते त्या आवाजानंतर पाच मिनिटांत घडलं.

डॉक्टरबाई आल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या, दमलेल्या. तपासून त्यांनी पाणी किती दिवस जातंय ते विचारलं आणि भडकल्या. “दोन दिवस अंगावर काढलंत? पोटात जंतू पसरले असते तर दोघांपैकी एक तरी राहिलं असतं का?”

“फोनवर बगितलं व्हतं,” आठवीवाली म्हणाली.

“फोनवर बघून घरी बसता? कुणी शिकवलं तुम्हाला हे?”

वाडीत, सासूसमोर, दारात जमलेल्या बायकांसमोर मी चूक कबूल केली होती. जड गेलं, पण केली. इथं समोर माझ्यासारखं बोलणारी, माझ्यासारख्याच घरातली बाई होती. दोन शब्दांचं काम होतं: ‘मी शिकवलं.’ ते तोंडातून निघेनात. गळ्यात संस्थेचं ओळखपत्र लोंबत होतं, त्यावर माझा फोटो आणि खाली ‘प्रशिक्षक’. मी ते हळूच उलटं केलं.

आठवीवालीनं ते पाहिलं. मग ती डॉक्टरबाईंकडे वळून म्हणाली, “कुनी नाय, बाई. माजंच चुकलं.”