केळीचं खोड कुठे असतं?

मी मूळची धुळ्याची. केळी मला ठाऊक होती ती हातगाडीवरच्या फण्यांपुरती. असोद्याच्या पलीकडच्या एका गावात सहावी-सातवीला विज्ञान शिकवायला लागून तेव्हा चार वर्षं झाली होती, आणि पुस्तकात होतं तेवढं विज्ञान मला पुरत होतं.

त्या वेळी चाचणीचा पेपर वरूनच छापून आला. सोबत उत्तरसूची. चूक की बरोबर या प्रश्नात एक विधान होतं: ‘केळीचे खोड जमिनीवर उंच वाढते.’ सूचीत ‘बरोबर’. सातवीतल्या एका मुलीने लिहिलं होतं, ‘चूक’. मी फुली मारली आणि पुढचा पेपर ओढला. अर्धा मिनिटही थांबले नाही, याचा मला अजून राग येतो.

पेपर वाटले तेव्हा ती टेबलापाशी आली. “मॅडम, हे चूकच हाये. खोड खाली मातीत असते. वर दिसते ते नुसते पानं.”

“पुस्तकात तसं कुठे लिहिलंय?” मी म्हटलं. पुस्तकात त्याबद्दल एक ओळही नव्हती. तरी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तिचे आबा तिला मोटारसायकलवर घेऊन आले. मागे तिच्या मांडीवर, गोणपाटात गुंडाळलेलं, कंदासकट उपटलेलं केळीचं पिल्लू. आबा व्हरांड्यातच थांबले. वर्गात तिने ते जमिनीवर ठेवलं आणि एकेक पापुद्रा सोलायला लागली. ओले, पांढरे, एकात एक गुंडाळलेले. सगळी मुलं गोल करून वाकली होती. शेवटी तिच्या हातात एक गुंडाळलेलं कोवळं पान उरलं. मग तिने मातीने माखलेल्या कंदावर हात ठेवला. “हे खोड. घड यायच्या टायमाले यातून दांडा वर येते. त्याच्या आधी वर खोड नसतेच.”

निरीक्षण, पुरावा, अनुमान. मी फळ्यावर चार वर्षं लिहीत आलेले शब्द ती करून दाखवत होती. मी सगळ्यांसमोर तिची माफी मागितली आणि गुण दिला.

आठवड्याने केंद्रप्रमुख पेपर पाहायला आले. तोच पेपर त्यांच्या हाती लागला.

“हा गुण कसा दिला?”

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. त्यांचं स्वतःचंही केळीचं शेत होतं.

“मुलगी बरोबर आहे,” ते म्हणाले. “पण सूचीत नाही ना. गुण कापा.”

“सर, तुम्हाला माहीत आहे ती बरोबर आहे!”

“मला माहीत असून काय उपयोग? माहिती सूचीप्रमाणेच भरायची आहे.”

गुण मी कापला नाही. त्यांनी माझ्यासमोर कापला. वर माहिती गेली, आणि काही दिवसांनी संकल्पना स्पष्ट नसलेल्या मुलांची यादी आली. तिचं नाव त्यात होतं. काठावरची होती, एका गुणाने खाली गेली. शाळा सुटल्यावर तिला जादा तासाला बसवायचं, वनस्पतीचे भाग शिकवायचे, आणि शिकवल्याचा फोटो पाठवायचा!

मी फोटो पाठवला नाही. त्याऐवजी पत्र लिहिलं, कापलेल्या कंदाचं चित्र जोडलं. उत्तर आलं नाही. दुसरं लिहिलं. तेव्हा मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं आणि म्हणाले, “मॅडम, एका गुणासाठी एवढं?”

एका गुणासाठी नाही हो. पुढच्या चाचणीच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली होती आणि हळूच विचारत होती, “मॅडम, उद्या खरं लिहू, का त्यांचं लिहू?”

तेरा वर्षांच्या मुलीला हा प्रश्न पडावा, हे आमचं मूल्यमापन. मी तिला म्हटलं, “खरं लिही.” म्हणताना माझा आवाज चढला होता, आणि ती उगाचच घाबरली.